वर्गात घडलेला कायदा

वेगवेगळ्या कायद्यांपैकी तंट्याला कोणता लागू करायचा हे ठरवणारा खासगी आंतरराष्ट्रीय कायदा बहुतांशी शिक्षकांनी घडवला. चौदाव्या शतकात उत्तर इटलीतील प्रत्येक शहराचे नियम वेगळे होते आणि व्यापाऱ्यांची ये-जा मात्र अखंड चालू होती. करार एका शहरात व्हायचा, तंटा दुसऱ्या शहरात उभा राहायचा. निवाडा कोणत्या कायद्याने करायचा, हा प्रश्न पेरुजा येथे शिकवणाऱ्या बार्तोलुसने (१३१३–१३५७) रोमन संहितेवर भाष्य करताना हाताळला. त्याचे एक उदाहरण पुढे शतकानुशतके गाजले. इंग्लंडच्या रिवाजाप्रमाणे वारसा थोरल्या मुलाला मिळतो. पण मृताची काही मालमत्ता इटलीत असेल तर? बार्तोलुसने रिवाजाची वाक्यरचना पाहिली. ‘मृताची मालमत्ता थोरल्याकडे जावी’ असे शब्द असतील, तर नियम वस्तूविषयीचा आणि मालमत्ता असेल तिथलाच कायदा लागू. ‘थोरल्याने वारस व्हावे’ असे असेल, तर नियम व्यक्तीविषयीचा. शब्दांच्या क्रमावर निकाल टांगणे पुढच्या पंडितांना हास्यास्पद वाटले. तरीही वस्तू आणि व्यक्ती असा भेद करून विचार करण्याची शिस्त याच अध्यापनातून रुजली.

डच प्राध्यापक उलरिक हुबर याने १६८९ मध्ये हा विषय अवघ्या काही पानांत मांडला. त्या पानांचा प्रभाव अटलांटिकपलीकडे पोहोचला. जोसेफ स्टोरी अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयात न्यायाधीश असतानाच १८२९ पासून हार्वर्डमध्ये शिकवत असे. विवाह, गुलामगिरी, वारसा यांबाबत अमेरिकेतील राज्यांचे कायदे परस्परांशी जुळत नव्हते. स्टोरीने १८३४ मध्ये याच विषयावर लिहिलेला ग्रंथ वकील आणि विद्यार्थी दोघांच्याही हाती गेला. इंग्लंडमध्ये ऑक्सफर्डच्या डायसीचा ग्रंथ १८९६ मध्ये आला.

निरनिराळ्या देशांचे विद्यार्थी एका वर्गात बसले ते हेगमध्ये. डच कायदेपंडित टोबियास अॅसर याच्या पुढाकाराने तिथे १८९३ मध्ये या विषयावरची पहिली परिषद भरली होती. शांतता प्रासादातील आंतरराष्ट्रीय कायदा अकादमीचे उन्हाळी वर्ग १९२३ मध्ये सुरू झाले. तिथली व्याख्याने ग्रंथरूपाने छापली जातात, त्यामुळे हेगला जाऊ न शकणाऱ्यालाही ती अभ्यासता येतात.

भारतात हा विषय निकालपत्रांतूनच जिवंत होतो. ‘सत्या विरुद्ध तेजा सिंग’ (१९७५) या खटल्यात अमेरिकेत गेलेल्या पतीने नेवाडातून घटस्फोट मिळवला होता. पत्नी भारतातच होती. पुण्यात कायदा शिकलेले न्यायमूर्ती यशवंत चंद्रचूड यांनी पतीचा नेवाडातला अधिवास, म्हणजे कायमचे वास्तव्य, खरा नसल्याचे ठरवून तो घटस्फोट भारतात अमान्य केला. हा निकाल नीट वाचला, की अधिवासाचे महत्त्व विद्यार्थ्याला कळते. गोव्यातल्या माणसाच्या राज्याबाहेरील मालमत्तेच्या वारशाला पोर्तुगीज नागरी संहिता लागू होते, असे सर्वोच्च न्यायालयाने २०१९ मध्ये ठरवले. म्हणजे असे पेच देशाच्या आतही पडतात. तरी अनेक विधी महाविद्यालयांत हा विषय ऐच्छिकच आहे. परदेशी गेलेल्या मुलामुलींचे विवाह, ताबा आणि वारसा यांचे दावे इथल्या न्यायालयांत येत असताना तो सक्तीचा व्हायला हवा.