प्रतिविषाची ॲलर्जी: चाचणीकडून लक्षणांकडे

केंदूर हे पुणे जिल्ह्याच्या शिरूर तालुक्यातील पाबळलगतचे कमी पावसाचे गाव असून, रात्री पिकाला पाणी देताना, कडब्याची गंजी हलवताना किंवा जमिनीवर झोपलेले असताना नाग, मण्यार, घोणस आणि फुरसे या चार विषारी सापांचे भय या भागातील शेतकऱ्याला पिढ्यान्‌पिढ्या राहिलेले आहे. या सापांच्या दंशावर प्रतिविष हेच खरे औषध. परंतु ते देताना काही रुग्णांत ॲनाफिलॅक्सिस, म्हणजे काही मिनिटांत सर्व शरीरात उसळणारी आणि प्राणावर बेतू शकणारी ॲलर्जी, उद्भवते, आणि ती ओळखण्याविषयीची वैद्यकाची समजूत गेल्या शतकात मुळापासून बदलली.

सापाचे विष घोड्याला थोडे थोडे, वाढत्या मात्रेत टोचले म्हणजे त्याच्या रक्तात विषाला निष्प्रभ करणारी प्रथिने, म्हणजे प्रतिपिंडे, तयार होतात. रक्तातील गोठणारा भाग काढून उरलेल्या रक्तरसातून ती वेगळी केली जातात. १८९० च्या दशकात आल्बेर काल्मेत यांनी फ्रान्समध्ये रूढ केलेली ही पद्धत भारतात प्रथम कसौलीला आणि पुढे मुंबईत परळच्या प्रयोगशाळेत, म्हणजे १९२५ पासून शास्त्रज्ञ हाफकिन यांचे नाव धारण करणाऱ्या संस्थेत, आली. तिचे रक्तरसाचे काम नंतर पुणे जिल्ह्यातच, पिंपरीला, चालले.

घोड्याचे प्रथिन मानवी शरीराला परके असते, आणि परका पदार्थ दुसऱ्यांदा शरीरात गेला की ॲनाफिलॅक्सिस उद्भवू शकते. शार्ल रिशे आणि पोल पोर्तिए यांनी १९०२ मध्ये दाखवून दिले की, समुद्रफुलाच्या विषाची पहिली मात्रा पचवलेला कुत्रा काही आठवड्यांनी दिलेल्या अल्पशा मात्रेनेही मिनिटांत दगावतो. रिशे यांना या कार्यासाठी १९१३ चे नोबेल पारितोषिक मिळाले. या धास्तीतून प्रतिविषाचा थेंब आधी त्वचेत टोचून वाट पाहण्याची, म्हणजे ‘टेस्ट डोस’ची, प्रथा रुजली आणि अनेक दशके टिकली. डेव्हिड वॉरेल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८६ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात मात्र या चाचणीवरून पुढची प्रतिक्रिया सांगता येत नाही असे आढळले, कारण पूर्वी घोड्याचा रक्तरस कधीच न घेतलेल्यांनाही ती होते. दंशानंतरचा मोलाचा वेळ या प्रथेत जात असे, ही तिची सर्वांत मोठी हानी होय.

चाचणीवरचा भरवसा सुटल्यावर उरली ती रुग्णाजवळ बसून पाहण्याची विद्या. प्रतिविष सुरू झाल्यापासून साधारण दहा मिनिटे ते तीन तासांत डोक्याला किंवा अंगाला खाज सुटते, गांधी उठतात, कोरडा खोकला, मळमळ, पोटात कळ आणि नाडीची गती वाढणे ही लक्षणे दिसतात; त्यापुढे ओठ व पापण्या सुजणे, छातीत घरघर आणि रक्तदाब कोसळणे हे संकटाचे रूप होय. सावळ्या त्वचेवर लाली सहज दिसत नाही, म्हणून गांधी हाताने चाचपून पाहणे आवश्यक ठरते. खरी कठीण बाब अशी की, घोणसाच्या विषानेही रक्तदाब उतरतो आणि मण्यारच्या विषानेही पोटात कळा येऊन श्वास मंदावतो. मात्र मण्यारच्या दंशात पापण्या सुजत नाहीत, तर जड होऊन मिटतात, आणि स्नायू लुळे पडल्याने श्वास घरघर न होता उथळ होत जातो. हा भेद जाणणारी परिचारिका कोणत्याही चाचणीपेक्षा अधिक उपयोगी असते.

लक्षण दिसताच प्रतिविष थांबवून प्रौढाच्या मांडीच्या बाहेरील स्नायूत अर्धा मिलिग्रॅम ॲड्रेनलिन देतात. श्रीलंकेत २०११ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत ॲड्रेनलिनची अल्प मात्रा आधीच दिल्याने तीव्र प्रतिक्रिया घटल्या, तर हायड्रोकॉर्टिसोन आणि प्रोमेथाझिन यांचा तसा उपयोग झाला नाही. रुग्ण सावरल्यावर प्रतिविष पुन्हा सुरू करावे लागते, कारण सापाचे विष अंगात शिल्लक असते. याशिवाय क्लेमेन्स फॉन पिर्के आणि बेला शिक यांनी १९०५ मध्ये वर्णिलेला रक्तरसविकार, म्हणजे ताप, खाज आणि सांधेदुखी, पुष्कळदा रुग्ण घरी परतल्यावर, आठवड्याभराच्या सुमारास उद्भवतो, आणि त्याची सूचना दवाखान्यातून निघतानाच दिलेली असली तर घरची माणसे त्याला विष पुन्हा चढल्याचे चिन्ह न समजता रुग्णाला वेळीच परत आणतात.