खानदानी मर्ज

शिरोळ तालुक्यात कॅन्सरचं नाव निघालं की बोट आधी पंचगंगेच्या पाण्याकडे जातं, मग उसावरच्या खता-फवारण्यांकडे. ते तपासलंच पाहिजे. पण एकाच घरात दादा, मग फुप्पी, मग चाळिशीतला चुलतभाऊ आतड्याच्या कॅन्सरने गेला, तर तेच पाणी पिणारं शेजारचं घर सुटलं कसं? अशा घरात आवाज खाली येतात. मुलीचा रिश्ता जमवायचा असतो. ‘पोटाचं काहीतरी होतं’ एवढ्यावर विषय मिटतो.

या आजाराचा इतिहास मात्र एका बाईने न लपवल्यामुळे सुरू झाला. पॉलिन ग्रॉस, अमेरिकेत शिवणकाम करणारी. आमच्या घरातली माणसं पोटाच्या, आतड्याच्या नाहीतर गर्भाशयाच्या कॅन्सरने जातात, मीही तशीच जाणार, असं तिने १८९५ मध्ये मिशिगन विद्यापीठाच्या डॉ. अल्ड्रेड वॉर्थिन यांना सांगितलं. त्यांनी तिच्या नात्यातल्यांच्या नोंदी जमवून १९१३ मध्ये छापल्या. पॉलिन १९१९ मध्ये गर्भाशयाच्या कॅन्सरनेच वारली, पन्नाशीही न गाठता. पुढे १९६६ मध्ये डॉ. हेन्री लिंच यांनी अशी आणखी दोन कुटुंबं मांडली. आज हा दोष त्यांच्याच नावाने ओळखतात.

आपल्याकडे डॉ. वसंत रामजी खानोलकर (जन्म १८९५, योगायोगच) टाटा मेमोरियलमध्ये कोणत्या समाजात कोणत्या अवयवाचा कॅन्सर जास्त, याचा हिशेब मांडत होते. एल. डी. संघवी यांच्यासोबत त्यांनी मुंबईतल्या सहा अंतर्विवाही समाजांची आनुवंशिक लक्षणंही तपासली. तो निबंध १९५० चा. पण तंबाखूसारख्या सवयी त्यांनी नजरेआड केल्या नाहीत. ‘अमक्या जमातीचा रोग’ म्हणून मोकळं होणाऱ्यांनी खानोलकर जरूर वाचावेत.

लिंच दोषातलं पहिलं जनुक १९९३ मध्ये सापडलं. पेशी दुप्पट होताना डीएनएची नक्कल उतरते. तीत राहिलेल्या चुका दुरुस्त करणं हे या जनुकांचं काम. तेच बिघडलं की चुका साचत जातात. दोष आईकडून किंवा बापाकडून, एकाकडूनच आला तरी पुरतो, आणि प्रत्येक अपत्यात, मुलगा असो वा मुलगी, तो उतरण्याची शक्यता निम्मी. म्हणजे ‘तुमच्यात चुलत-मावस घरात लग्नं होतात म्हणून’ हा टोमणा इथे लागू नाही. (मामाची मुलगी करणाऱ्यांनी तो मारावा, हे आणखी गमतीचं.) आतड्यात गाठी होण्याचा एक विरळा प्रकार मात्र दोन्हीकडून दोष आल्यावरच होतो. तिथे नात्यातल्या लग्नाने धोका वाढतो, तेही मान्य करायला हवं.

आतड्याच्या शंभर कॅन्सरमध्ये लिंचचे साधारण तीनच. बाकी बहुतेकांत वय, खाणं, तंबाखू, दारू, वजन यांचा वाटा. पण त्या तिघांच्या भावंडांना वेळेत कळलं, तर पंचविशीच्या आसपास दुर्बिणीची तपासणी सुरू करून ती दर एक-दोन वर्षांनी करता येते. जनुक-सल्ला देणारे डॉक्टर रक्त काढण्याआधी कागद घेतात आणि तीन पिढ्यांचा शजरा मांडतात: कोण, कोणत्या वयात, कशाने गेलं. त्यात लग्न होऊन परगावी गेलेल्या फुप्पीचं आणि खालाचं घरही लागतं.