बिअरची नक्कल आणि किण्वाचा वारसा

धागा मोठा आहे, सवडीने वाचावा.

१.
माझा आतेभाऊ गेली काही वर्षे इंग्लंडमध्ये असतो. तिथे घरी बिअर करणे कायदेशीर आहे आणि दादाला तो छंद जडला आहे. लंडनच्या फुलर्स या जुन्या मद्यशाळेची 'लंडन प्राइड' ही त्याची आवडती बिअर. तिची हुबेहूब नक्कल करायची म्हणून त्याने तोच माल्ट, तेच हॉप्स आणले, पाण्यातील क्षारही मोजून घेतले. बिअर चांगली झाली, पण ती 'ती' नव्हती. फोनवर त्याने विचारले, "तू इतिहास शिकतेस ना? मग सांग, माझे काय चुकले?"

२.
उत्तर एका शब्दाचे होते : किण्व. म्हणजे यीस्ट. मात्र हा एक शब्द समजून घेण्यासाठी कौटिल्यापासून कोपनहेगनपर्यंत जावे लागते आणि परत मराठवाड्यात यावे लागते.

३.
प्रारंभ कळंबच्या आमच्या स्वयंपाकघरातून करू. आजीचे दही गल्लीत नावाजलेले होते. एकाच गवळ्याचे दूध चार घरी जाई, तरी चार घरच्या दह्यांची चव चार प्रकारची असे. फरक विरजणाचा होता. दूध ही सामग्री झाली. तिला घडवणारा सजीव विरजणात असतो. दह्यात ते काम जिवाणू करतात, बिअरमध्ये किण्व करते. ते माल्टमधील साखर खाते, अल्कोहोल व कार्बन डायऑक्साइड निर्माण करते आणि त्याचबरोबर शेकडो सुगंधी द्रव्येही. बिअरची 'ओळख' बरीचशी या शेवटच्या कामातून घडते.

४.
आपल्या पूर्वजांना हे सूक्ष्मजीव दिसत नव्हते, पण त्यांचे महत्त्व ठाऊक होते. कौटिलीय अर्थशास्त्राच्या दुसऱ्या अधिकरणात सुराध्यक्षाची कर्तव्ये सांगताना 'किण्व' करण्याची स्वतंत्र कृती दिली आहे : उडदाचा लगदा, त्याहून अधिक तांदूळ आणि मोरटा आदी वनस्पतींची अल्प मात्रा. मराठीतील 'किण्वन' ही संज्ञा याच शब्दावरून आली आहे.

५.
'मेदक' नावाच्या मद्याचे प्रमाण पाहा : एक द्रोण पाणी, अर्धा आढक तांदूळ, तीन प्रस्थ किण्व. एका द्रोणात सोळा प्रस्थ आणि एका आढकात चार प्रस्थ धरले, तर पाणी १६, तांदूळ २ आणि किण्व ३ असा हिशेब येतो. तांदळापेक्षा किण्वच अधिक! कारण हे किण्व म्हणजे आजची यीस्टची पुडी नव्हे. धान्याच्या अशा आंबवणात बुरशी आणि यीस्ट एकत्र नांदतात. बुरशी पिठाची साखर करते, यीस्ट साखरेचे मद्य करते. सिक्कीम-दार्जिलिंगकडील 'मर्चा' आजही याच तत्त्वावर चालतो.

६.
आणखी एक तपशील लक्षणीय आहे. मद्यावर राज्याचे कडक नियंत्रण असूनही गृहस्थांना विशेष प्रसंगी श्वेतसुरा आणि औषधासाठी अरिष्ट घरी करण्याची मुभा अर्थशास्त्र देते. किण्वाशी निगडित कामे स्त्रियांनी व मुलांनी करावीत, असेही त्यात म्हटले आहे. म्हणजे या सजीवाची निगा राखणाऱ्यांत घरातली माणसे होती. त्यांची नावे मात्र कोणत्याही ग्रंथात नाहीत.

७.
आता युरोपकडे वळू. १५१६ च्या बव्हेरियातील प्रसिद्ध बिअर-नियमाने पाणी, जव आणि हॉप्स एवढेच घटक मान्य केले. यीस्टचा उल्लेखच नाही! मागच्या पिंपातला गाळ किंवा फेस पुढच्या पिंपात घालायचा, ही रीत मद्यकारांना ठाऊक होती. पण तो 'घटक' आहे असे कोणाला वाटले नाही. विरजणाला आपण दह्याच्या सामग्रीत धरत नाही, तसेच हे.

८.
बिअरच्या नक्कलेची सर्वांत रंजक कथा आपल्या देशाशी जोडलेली आहे. लंडनच्या बो भागातील हॉजसनची फिकट बिअर ईस्ट इंडिया कंपनीच्या जहाजांतून हिंदुस्थानात येई आणि त्या बाजारावर त्याचे वर्चस्व होते. १८२२ च्या सुमारास कंपनीच्या एका संचालकाने बर्टनच्या सॅम्युअल ऑलसॉपला ती चाखायला देऊन तशीच करण्यास सुचवले. ऑलसॉपचा माणूस जॉब गुडहेड याने पहिला नमुना चक्क चहाच्या किटलीत केला, असे परंपरेने सांगतात.

९.
नक्कल यशस्वी ठरली आणि पुढे बर्टनच्या बिअरने हॉजसनला मागे टाकले. पण ती खरोखर नक्कल होती का? बर्टनचे पाणी जिप्समयुक्त, लंडनचे वेगळे. आणि त्या काळी जो तो मद्यकार आपल्याच पिंपांतले किण्व वापरी. रंग आणि कडूपणा उचलता आला; हॉजसनच्या पिंपांतला जीव लंडनलाच राहिला. ऑलसॉपने केली ती एक नवी बिअर होती.

१०.
दुसरा प्रसंग १८३३ चा. म्युनिकचा गाब्रिएल झेडलमायर आणि व्हिएन्नाचा आंटोन ड्रेहर हे दोन तरुण ब्रिटनच्या मद्यशाळा पाहत हिंडले. यजमानांची नजर चुकवून नमुने घेण्यासाठी त्यांनी पोकळ हातकाठी वापरली! मुक्कामी परतल्यावर ते त्या नमुन्यांची मोजमापे घेत. एका अर्थी ती औद्योगिक हेरगिरी होती. याच झेडलमायरने पुढे मात्र वेगळा आदर्श घालून दिला.

११.
कोपनहेगनच्या जे. सी. याकोबसेनला म्युनिकसारखी, तळाशी किण्व बसणारी लागर बिअर करायची होती. १८४५ मध्ये तो झेडलमायरकडून किण्व घेऊन निघाला. प्रवास घोडागाडीचा. किण्व उष्णतेने मरू नये म्हणून वाटेत प्रत्येक थांब्यावर उतरून तो त्या डब्यांवर थंड पाणी ओतत असे. त्या किण्वातून कार्ल्सबर्गची लागर उभी राहिली.

१२.
पुढे पाश्चरने १८७६ च्या आपल्या ग्रंथात बिअर का बिघडते याचे विवेचन केले : नको असलेले सूक्ष्मजीव तिच्यात शिरतात. कार्ल्सबर्ग प्रयोगशाळेतील एमिल ख्रिश्चन हॅन्सन याने एक पाऊल पुढे टाकले. सगळा दोष जिवाणूंचा नसतो. 'वाईट' यीस्टही असते. १८८३ मध्ये त्याने यीस्टची एकच पेशी वेगळी करून तिच्यापासून शुद्ध वाण वाढवला. मद्यशाळेच्या इतिहासात प्रथमच 'अमुक एक किण्व' असे बोट ठेवून म्हणता येऊ लागले.

१३.
हा वाण कार्ल्सबर्गला कुलुपात ठेवता आला असता. याकोबसेनने तो इतर मद्यशाळांनाही मुक्तपणे दिला. झेडलमायरने दिले, याकोबसेनने पुढे दिले. आज जगभर जी लागर मिळते, तिच्यामागे देण्याची ही परंपरा आहे. चोरलेल्या नमुन्यांनी माहिती दिली. वंश मात्र दिलेल्या विरजणानेच वाढला.

१४.
मग शुद्ध वाण हे सर्व प्रश्नांचे उत्तर ठरले का? नाही. इंग्लंडच्या मुरवलेल्या बिअरची चव एका शुद्ध वाणाने साधेना. १९०४ मध्ये कार्ल्सबर्गच्याच निल्स क्लाउसेनने कारण सांगितले : त्या पिंपांत मागाहून दुसरेच एक यीस्ट काम करते. ब्रिटनवरून त्याने त्याचे नाव 'ब्रेटॅनोमायसिस' ठेवले. म्हणजे नक्कल करताना कधी कधी एक नव्हे, दोन जीव शोधावे लागतात.

१५.
लागरचे यीस्ट स्वतःही संकरित आहे. त्याच्या एका पालकाचा पत्ता बराच काळ लागत नव्हता. २०११ मध्ये संशोधकांना तो दक्षिण अमेरिकेतील पॅटागोनियाच्या बीच वृक्षांवर सापडला आणि नंतर तिबेटमध्येही. थंडीत काम करण्याची लागरची क्षमता या रानटी पूर्वजाकडून आली आहे. थंड तळघरांतील मद्यकारांनी न पाहताच हा संकर पिढ्यान्‌पिढ्या जोपासला.

१६.
आता दादाच्या प्रश्नाकडे येऊ. आवडत्या बिअरसाठी किण्व निवडताना पहिला प्रश्न : ती एल की लागर? लागरचे यीस्ट साधारण ९ ते १५ अंश सेल्सिअसला काम करते आणि चव स्वच्छ ठेवते. एलचे यीस्ट १८ ते २२ अंशांच्या आसपास रमते आणि फळांचे गंध देते. बव्हेरियन गव्हाच्या बिअरमधील केळ्याचा आणि लवंगेचा वास केळे-लवंग घालून आलेला नसतो. तो त्या यीस्टचा असतो.

१७.
दुसरा प्रश्न : बाटलीच्या तळाशी गाळ आहे का? गाळलेल्या आणि पाश्चरीकृत बिअरमध्ये जिवंत यीस्ट मिळत नाही. बाटलीतच मुरणाऱ्या बिअरमध्ये ते मिळते. छंदी लोक तो गाळ साखरेच्या सौम्य द्रावात वाढवतात. फुलर्सचीच '१८४५' नावाची बिअर या प्रकारची. पण इथेही सावध राहावे : काही बव्हेरियन मद्यशाळा मूळ यीस्ट गाळून टाकतात आणि बाटलीत भरताना वेगळेच यीस्ट घालतात. गाळ हा पुरावा आहे, पण पुराव्याचीही चिकित्सा करावी लागते. इतिहासाच्या विद्यार्थ्याला हे वेगळे सांगायला नको!

१८.
तिसरा प्रश्न : ते यीस्ट किती साखर खाते? समजा, किण्वनापूर्वी द्रवाची सापेक्ष घनता १.०४२ आहे. ८० टक्के साखर खाणारे यीस्ट ती सुमारे १.००८ वर आणते आणि अल्कोहोल साधारण ४.४ टक्के होते. ६८ टक्के खाणारे यीस्ट १.०१३ वर थांबते. अल्कोहोल सुमारे ३.८ टक्के आणि जिभेवर गोडसर भरीवपणा उरतो. सामग्री तीच, पण बिअर दोन.

१९.
दादाने वापरले होते ते अमेरिकन एलचे यीस्ट : साखर भरपूर खाणारे आणि चवीला तटस्थ. लंडनच्या मद्यशाळेचे यीस्ट याच्या उलट. ते कमी खाते, लवकर गोळा होऊन तळाशी बसते आणि संत्र्याच्या मुरंब्याची आठवण देणारा गंध मागे ठेवते. त्या घराण्याचे मानले जाणारे वाण तिथे छंदी लोकांना विकत मिळतात. पुढच्या खेपेला त्याने केवळ किण्व बदलले. "आता ती ओळखीची वाटते," एवढेच तो म्हणाला.

२०.
ब्रिटनने घरच्या बिअरवरील परवान्याची अट १९६३ मध्ये काढली, अमेरिकेने १९७८ मध्ये कायदा केला. हा छंद तिथे त्यानंतर फोफावला. आपल्याकडे १९४९ च्या मुंबई दारूबंदी कायद्यानुसार, म्हणजेच आजच्या महाराष्ट्र दारूबंदी कायद्यानुसार, परवान्याशिवाय मद्य तयार करणे गुन्हा आहे. त्यामुळे कळंबमध्ये हा प्रयोग करू नये. शिवाय चाळीस अंशांच्या उन्हाळ्यात लागरचे किण्व सांभाळायचे, तर यंत्राची थंडी हवीच. एकोणिसाव्या शतकात डायरने मद्यशाळेसाठी कसौलीचा डोंगर निवडला, त्यामागे हवामानही होतेच.

२१.
पण किण्वाची निवड आपल्याला परकी नाही. पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेत १९५१ पासून औद्योगिक सूक्ष्मजीवांचा राष्ट्रीय संग्रह आहे. तिथे यीस्टचे वाण जतन केले जातात आणि उद्योगांना पुरवले जातात. आमच्या तालुक्यातील रांजणीसारख्या साखर कारखान्यांत मळीपासून अल्कोहोल करतात, तेव्हा उष्णता आणि अल्कोहोल दोन्ही सोसणारे यीस्ट कोणते, हाच प्रश्न असतो. आणि ज्या कार्ल्सबर्गमध्ये हॅन्सनने पहिला शुद्ध वाण वाढवला, त्या कंपनीचा एक कारखाना मराठवाड्यातच, छत्रपती संभाजीनगरला आहे.

२२.
आपण इतिहासवाले कागदावर विश्वास ठेवतो. परंतु कृती कागदावर उतरते, जीव उतरत नाही. कौटिल्याची मापे आपल्याकडे आहेत. त्याच्या काळच्या किण्वाचा तो गोळा आता नाही. उलट कार्ल्सबर्गच्या तळघरात सापडलेल्या १८८३ च्या एका बाटलीत जिवंत पेशी मिळाल्या आणि २०१६ मध्ये त्यांच्यापासून पुन्हा बिअर करण्यात आली. त्या बाटलीने जे सांगितले, ते कोणतीही नोंदवही सांगू शकली नसती.

२३.
आजी गेली तेव्हा तेरा दिवस घरात दूध विरजले गेले नाही. तिचे विरजण संपले. तिच्या हातची कृती आम्हा सगळ्यांना पाठ होती, पण तेवढ्याने ते दही परत आले नाही. महिनाभराने शेजारच्या काकूंनी एक वाटी आणून दिली आणि म्हणाल्या, "हे तुमच्याच घरचं आहे. मागे तुझ्या आजीनंच दिलं होतं."

२४.
म्हणून दादाला शेवटी एवढेच सांगितले : नक्कल करायची असेल तर आधी विचार, ही चव कोणाच्या हातून कोणाच्या हाती आली. कृती नंतर वाच.

धागा समाप्त. तुमच्या घरी किंवा गावात पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेले विरजण, आंबवण वा खमीर असेल, तर ते कोणाकडून आले हे अवश्य लिहा. अशा नोंदी दप्तरखान्यात सापडत नाहीत.