दोन शब्दांत निकाल

एखादी कल्पना पटली नाही की तिच्याशी वाद घालण्याऐवजी आपण तिच्यामागे एक जोडशब्द लावून मोकळे होतो. भाकडकथा, पोचट युक्तिवाद, वांझोटी चर्चा, बाष्कळ बडबड. इंग्रज 'हेअर-ब्रेन्ड स्कीम' म्हणतो, म्हणजे सशाच्या मेंदूतून निघालेला बेत. आपल्या न्यायशास्त्राने त्याच सशाला शिंग लावले, 'शशशृंग', पण त्याचा उपयोग वेगळा. जे कधीच असू शकत नाही त्याचे ते उदाहरण, कुणाचे तोंड बंद करण्याचे हत्यार नव्हे.

आपले यातले बरेच शब्द गोठ्यातून आणि खळ्यातून आले आहेत. दूध आटलेली गाय ती भाकड. दाणा न भरलेले भात ते पोचट, आणि सुपातून उडून जाते ते फोल. वेळणेश्वरात काय किंवा शेजारच्या हेदवीत काय, कोणताही शेतकरी हे शब्द उगाच वापरत नाही. गाय दोहायला बसल्यावरच ती भाकड ठरते. भात पाखडल्यावरच फोल वेगळे होते. आधी पारख, मग शब्द. भाषणात आणि लिखाणात आल्यावर शब्द राहिला आणि पारख गळाली.

'पाखंड' या शब्दाचे तर पुरते उलटे झाले. अशोकाच्या गिरनार येथील बाराव्या लेखात 'पासंड' म्हणजे नुसता पंथ, आणि राजा सर्व पासंडांचा मान राखायला सांगतो. पुढे जो आपल्या मताचा नाही तो पाखंडी झाला. शब्द तोच राहिला, बदलली ती त्याच्याकडे पाहणाऱ्याची नजर.

अशा शिक्क्यांची किंमत काय पडते, ते आपल्याच जिल्ह्यातल्या एका घराण्यात दिसते. मुरुडच्या धोंडो केशव कर्व्यांनी १८९३ मध्ये विधवेशी विवाह केला, तेव्हा गावाने त्यांना वाळीत टाकले. त्याच कर्व्यांनी १९१६ मध्ये महिला विद्यापीठ उभे केले आणि १९५८ मध्ये त्यांना भारतरत्न मिळाले. त्यांचे चिरंजीव रघुनाथराव यांनी १९२१ मध्ये मुंबईत संततिनियमनाचे केंद्र काढले. या कार्यापायी १९२५ मध्ये त्यांची प्राध्यापकी गेली. १९२७ पासून 'समाजस्वास्थ्य' चालवताना त्यांना अश्लीलतेचे खटले सोसावे लागले. १९५२ मध्ये सरकारनेच कुटुंबनियोजनाचा कार्यक्रम हाती घेतला, आणि पुढच्याच वर्षी रघुनाथराव गेले. ज्यांनी त्यांना वेड्यात काढले त्यांना आकडेवारीने उत्तर देता आले असते. पण शिक्का मारणे सोपे होते.

म्हणून काय प्रत्येक गोष्ट खरी मानावी? मुळीच नाही. आमच्या गावाच्या नावाचेच घ्या. वेळ न लावता पावतो तो वेळणेश्वर, असे भाविक सांगतात. संस्कृतात 'वेला' म्हणजे समुद्रकाठ, आणि हे देऊळ समुद्रकाठीच आहे. दुसरी व्युत्पत्ती मला अधिक पटते. पण पहिलीला भाकडकथा म्हटल्याने दुसरी सिद्ध होत नाही. तिला स्वतःचा पुरावा द्यावाच लागतो. शिवाय पहिलीतून लोकांची श्रद्धा कळते, आणि तीही इतिहासाचीच सामग्री आहे.

फोल म्हणायला हरकत नाही, पण आधी सूप हातात घ्यावे.