राखीव सैनिकांची वैद्यकीय निवृत्ती (अमेरिका)

आजार किंवा इजा यांमुळे सैनिकी कामाला कायमचा अपात्र ठरलेल्या राखीव सैनिकाला निवृत्तिवेतनासह सेवामुक्त करण्याची अमेरिकेतील पद्धत. अमेरिकी कायदेसंहितेच्या दहाव्या शीर्षकातील ६१ वे प्रकरण हा तिचा आधार. त्यामुळे अशा निवृत्तांना तिथे ‘चॅप्टर ६१’चे निवृत्त असेच म्हणतात. नियम पूर्णवेळ सैनिकाला आणि राखीव सैनिकाला वरवर सारखे दिसतात, पण राखीव सैनिकाला त्याआधी एक जास्तीचा दरवाजा ओलांडावा लागतो आणि अनेक प्रकरणे तिथेच अडतात.

अमेरिकेत राखीव घटक सात आहेत : लष्कर, नौदल, मरीन कोअर, वायुदल व तटरक्षक दल यांची प्रत्येकी एक राखीव शाखा, शिवाय आर्मी नॅशनल गार्ड आणि एअर नॅशनल गार्ड. त्यांतला नेहमीचा सैनिक एरवी शिक्षक, पोलीस किंवा ट्रकचालक असतो. महिन्यातून एका शनिवार-रविवारी कवायत आणि वर्षातून दोन आठवड्यांचे शिबिर एवढीच त्याची शांतताकाळातील बांधिलकी. पूर्णवेळ सैनिकाचा गुडघा सुट्टीत फुटबॉल खेळताना मोडला तरी तो सेवाकाळातच मोडला असे धरतात. राखीव सैनिक मंगळवारी स्वतःच्या घरी शिडीवरून पडला, तर ती त्याची खासगी बाब ठरते.

कर्तव्यकाळाचा दाखला : हाच तो जास्तीचा दरवाजा. ‘लाइन ऑफ ड्यूटी’ या नावाने ओळखल्या जाणाऱ्या या चौकशीत दोन गोष्टी ठरतात : इजा झाली तेव्हा सैनिक कर्तव्यावर होता का, आणि ती त्याच्या हेतुपुरस्सर गैरवर्तनामुळे किंवा बेपर्वाईमुळे झाली का. कवायतीला थेट जाताना वा परतताना झालेला अपघातही कर्तव्यकाळात धरतात. सैनिक ३० दिवसांहून अधिक मुदतीच्या हुकमावर असेल, तर गृहीतक त्याच्या बाजूने असते. शनिवार-रविवारच्या कवायतीत मात्र कागद त्यालाच जमवावे लागतात. कर्तव्याचा काळ संपल्यापासून १८० दिवसांत मागणी नोंदवावी असा संरक्षण खात्याचा नियम आहे.

कवायतीत पाठीत चमक भरते, माणूस एक गोळी घेतो, सोमवारी कामावर जातो आणि तीन महिन्यांनी स्वतःच्या डॉक्टरकडे जातो. त्या डॉक्टरच्या कागदावर ‘पाठदुखी, तीन महिने’ एवढेच असते. कवायतीचा उल्लेख नसतो. ही एक ओळ त्याच दिवशी नोंदवायची राहून गेली, तर पुढची सारी मूल्यमापन मंडळे तिच्याभोवतीच फिरत राहतात. दाखला मिळाला, तर त्या आजारावर सैनिकी खर्चाने उपचार होतात आणि काम बुडत असल्यास भरपाईही मिळू शकते. ती सामान्यतः सहा महिन्यांपुरती असते.

दाखला नसेल, तर मूल्यमापन मंडळ फक्त ‘पात्र’ की ‘अपात्र’ एवढेच सांगते. अपंगत्वाची टक्केवारी नाही आणि पैसाही नाही. अशा अपात्र सैनिकाची किमान १५ पण २० हून कमी पात्र वर्षे भरली असतील, तर त्याला ‘पंधरा वर्षांचे पत्र’ मिळू शकते. त्यावर साधारणपणे वयाच्या ६० व्या वर्षी निवृत्तिवेतन सुरू होते. कवायती, शिबिर व सदस्यत्व यांचे मिळून वर्षाला किमान ५० गुण जमले, तरच ते वर्ष पात्र मानतात.

दोन मंडळे : लष्करात प्रत्येकाच्या प्रकृतीची नोंद ‘पी, यू, एल, एच, ई, एस’ या सहा अक्षरांखाली १ ते ४ आकड्यांत असते. एखाद्या अक्षरापुढे कायमचा ३ किंवा ४ पडला आणि स्थिती निवृत्तीच्या निकषांत बसली, की वैद्यकीय मूल्यमापन मंडळाकडे रवानगी होते. हे डॉक्टरांचे मंडळ. मानसिक आजार असेल तर त्यात त्या शाखेचा तज्ज्ञ असतो. सैनिक तिथे निःपक्ष डॉक्टरकडून फेरतपासणी मागू शकतो. पुढचे शारीरिक मूल्यमापन मंडळ आधी केवळ कागदांवरून निर्णय देते. तो अमान्य असल्यास औपचारिक सुनावणी मिळते, आणि सैनिकी वकील मोफत मिळतो. या साऱ्या प्रवासात सैनिकाला वाट दाखवणाऱ्या संपर्क अधिकाऱ्याला ‘पेब्लो’ म्हणतात.

माजी सैनिकांसाठीचा विभाग (व्हीए) सेवेशी संबंधित प्रत्येक आजाराला अपंगत्वाचे टक्के देतो. लष्कर मात्र त्यांपैकी सैनिकाला कामासाठी अपात्र करणाऱ्या आजारांचेच टक्के मोजते. व्हीएचा आकडा ८० आणि लष्कराचा २० असा विरोधाभास त्यामुळे नेहमी दिसतो. तो चुकीचा नसतो. २००७ मध्ये वॉल्टर रीड रुग्णालयातील दुरवस्थेवर वॉशिंग्टन पोस्टमध्ये गाजलेल्या लेखमालेनंतर लष्कर व व्हीए यांच्या दोन वेगळ्या तपासण्यांऐवजी एकच तपासणी करणारी एकत्रित पद्धत आधी प्रायोगिक तत्त्वावर आली आणि २०११ पर्यंत देशभर लागू झाली.

निकालाचा उंबरठा ३० टक्के. ही रेषा १९४९ च्या वेतन कायद्यापासून चालत आली आहे. त्याखाली आणि २० वर्षांहून कमी सेवा असल्यास एकरकमी रक्कम देऊन सुटका होते. ३० टक्के किंवा अधिक असल्यास निवृत्ती मिळते. आजार स्थिर नसेल, तर नाव तात्पुरत्या निवृत्तीच्या यादीत जाते. पूर्वी या यादीत राहण्याची कमाल मुदत पाच वर्षे होती. २०१७ पासून ती तीन वर्षे आहे.

पैशाचे गणित : निवृत्तिवेतन दोन पद्धतींनी मोजून मोठे ते घेता येते : अपंगत्वाची टक्केवारी, किंवा सेवेच्या दर वर्षाला अडीच टक्के, कमाल ७५ टक्के. राखीव सैनिकाची सेवावर्षे मोजताना त्याच्या एकूण गुणांना ३६० ने भागतात. प्रत्येक कवायत-वीकेंडचे ४ म्हणजे वर्षाला ४८, शिबिराचे सुमारे १५ आणि केवळ सदस्यत्वाचे १५, असे वर्षाला ७८ गुण धरू. अशा १४ वर्षांत १,०९२ गुण, म्हणजे तीन वर्षे. त्यावर अडीच टक्क्यांनी ७.६ टक्के वेतन येते. अपंगत्व ४० टक्के असेल, तर ४० टक्के. आधारभूत मासिक वेतन ५,००० डॉलर असल्यास फरक सुमारे ३८० आणि २,००० डॉलरचा. २०१८ पासून आलेल्या नव्या योजनेत दर वर्षाचा दर दोन टक्के आहे.

पण हे २,००० डॉलर सहसा पूर्ण हाती येत नाहीत. व्हीएची भरपाई घेतली, तर तेवढी रक्कम निवृत्तिवेतनातून वजा होते. दोन्ही एकत्र मिळण्याची सोय २० वर्षे सेवा असलेल्यांना आहे. लढाईशी निगडित अपंगत्वासाठी वेगळी विशेष भरपाई मिळते, आणि २० वर्षांच्या आत निवृत्त झालेल्याची ती भरपाई सेवावर्षांवरून येणाऱ्या आकड्यापलीकडे जात नाही. वरच्या उदाहरणात सुमारे ३८० डॉलर. म्हणजे गुणांचे जे गणित टक्केवारी निवडताना बाजूला ठेवले, तेच इथे पुन्हा पुढे येते.

भारतातील समांतर : अशीच राखीव स्वरूपाची प्रादेशिक सेना १९४९ मध्ये सुरू झाली. कोल्हापूरची १०९ वी मराठा बटालियन तिचाच भाग. तिथेही ‘सेवेमुळे झाले की सेवेत बळावले’ हाच प्रश्न कळीचा असतो. भारतीय सैन्यात अपंगत्वाचे निवृत्तिवेतन २० टक्क्यांपासून सुरू होते. भरतीच्या वेळी आजाराची नोंद नसेल, तर तो सेवेमुळेच झाला असे गृहीत धरावे, असे सर्वोच्च न्यायालयाने २०१३ च्या धरमवीर सिंह प्रकरणात सांगितले.

अमेरिकी राखीव सैनिकाला निवृत्तीनंतर टिकून राहणारा लाभ बहुधा पैशाचा नसून ट्रायकेअर या सैनिकी आरोग्यविम्याचा असतो. वैद्यकीय निवृत्ताला तो लगेच मिळतो. साध्या राखीव निवृत्ताला साठीपूर्वी तो हवा असेल, तर पूर्ण हप्ता स्वतः भरावा लागतो.