मुलांचा दुखावलेला खांदा

बारामती आणि इंदापूर हे तालुके कऱ्हा, नीरा व भीमा या नद्यांच्या आश्रयानें वाढले. चिंचेवरून पडलेलें, बैलगाडीवरून घसरलेलें किंवा तालमीच्या हौद्यांत खांद्यावर आपटलेलें मूल पूर्वीं येथें कोणाकडे नेत असत? अर्थात् हाडवैद्याकडे. सन १८६७ मध्यें पुण्यास ससून रुग्णालय उघडलें खरें. परंतु बारामतीहून तें सुमारें १०० किलोमीटर दूर, आणि इंदापूरहून तर त्याहूनही अधिक.

हाडवैद्याची विद्या निराधार नव्हती. खांद्याचा सांधा सुटला असतां काखेंत मुसळ देऊन तो वर उचलावा व जागीं बसल्यावर स्वस्तिकाकार पट्टा बांधावा, असें सुश्रुतसंहितेंत सांगितलें आहे. ग्रीसमध्यें हिप्पोक्रेटिसाच्या परंपरेंत काखेंत टांच देऊन हात ओढीत. बंध सैल असेल तर सांधा स्थिर राहत नाहीं, फार घट्ट असेल तर सूज व वेदना वाढतात, हा इशाराही सुश्रुतानें दिला. कोवळ्या वयांत सांधा महिनाभरांत स्थिर होतो, हेंही त्यानें नोंदविलें.

तथापि मूल म्हणजे लहान आकाराचा प्रौढ मनुष्य नव्हे. लहान मुलांचा खांदा क्वचितच निखळतो. बहुधा मानेखालचें आडवें हाड मोडतें, किंवा दंडाच्या वरच्या टोकाची वाढीची कोवळी चकती सरकते. दंडाची सुमारें ८० टक्के वाढ याच टोकाकडून होते. तेव्हां निखळला समजून जोरानें ओढलेला हात आयुष्यभर आंखूड राहण्याचा संभव असतो.

सन १८९५ मध्यें राँटगेननें क्ष-किरण शोधले आणि आंतील हाड दिसूं लागलें. त्यापूर्वीं निष्णात हातालाही अंदाजावरच विसंबावें लागे. पुढें असें आढळलें कीं, अशा बहुतेक मुलांस ओढाताण लागतच नाहीं. हात झोळींत घालून तीन-चार आठवडे विसांवा दिला, कीं वाढतें हाड आपला बांक पुष्कळसा आपणच सरळ करतें. बळाकडून संयमाकडे, असा हा उपचाराचा प्रवास आहे.

बारामतीस २०१९ मध्यें शासकीय वैद्यकीय महाविद्यालय सुरू झालें. पुण्याचें अंतर आतां पूर्वींइतकें आड येत नाहीं. आड येते ती घरची घाई. पडलेल्या मुलाचा खांदा चोळूं नये, ओढूं नये. हात अंगाशीं बांधून त्यास रुग्णालयांत न्यावें. बोटें गार, फिकट किंवा बधिर झालीं, तर क्षणाचाही विलंब करूं नये. सुश्रुताचा इशारा विसरला जातो, तेथें किंमत लेंकराच्या हातानें मोजावी लागते.