अंतराचे मोल : पोलाद, शहरे आणि प्रादेशिक समतोल

उद्योग शहरांत का एकवटतात, या प्रश्नाची दोन भिन्न उत्तरे भारताच्या औद्योगिक इतिहासात आढळतात. पहिले उत्तर जमशेदपूरचे. १९०४ साली भूगर्भशास्त्रज्ञ प्रमथनाथ बोस यांनी मयूरभंज संस्थानातील लोहखनिजाची माहिती जमशेटजी टाटांना कळविली. त्याच वर्षी जमशेटजी निवर्तले. परंतु त्यांच्या वारसांनी हे खनिज, झरियाचा कोळसा आणि सुवर्णरेखा व खरकई या नद्यांचे पाणी यांचा मेळ पाहून साकची हे गाव निवडले. १९१२ मध्ये तेथे पोलाद निघू लागले आणि १९१९ मध्ये साकचीचे जमशेदपूर झाले. जड खनिज दूर वाहून नेण्यापेक्षा कारखानाच खनिजाजवळ उभारणे स्वस्त, असा हा सरळ हिशेब होता.

दुसरे उत्तर मुंबईचे. या बेटावर ना कापूस पिकत होता, ना कोळसा निघत होता. तरीही १८५४ साली कावसजी दावर यांनी येथेच कापडगिरणीचा उपक्रम आरंभिला. बंदर होते, १८५३ पासून रेल्वे होती, व्यापारात साठलेले भांडवल होते आणि कोकणातून व देशावरून येणारा कामकरी होता. पहिल्या गिरणीने शिकविलेला कारागीर दुसरीला मिळाला. यंत्रे दुरुस्त करणारे, दलाल, पेढीवाले यांचा परिवार वाढत गेला. अशा सान्निध्यात धंद्याचे ज्ञान सहजगत्या पसरते, हे तत्त्व अर्थशास्त्रज्ञ आल्फ्रेड मार्शल यांनी १८९० मध्ये मांडले. स्वतः जमशेटजींनी १८७७ साली कापसाच्या प्रदेशात, नागपुरास, एम्प्रेस मिल सुरू केली. ती भरभराटली, पण तिच्याभोवती दुसरी मुंबई उभी राहिली नाही.

स्वातंत्र्यानंतर देशाचा विकास काही मोजक्या शहरांपुरता राहू नये, हा विचार प्रबळ झाला. त्यातूनच १९५२ पासून पोलादासाठी रेल्वेभाड्याचे समानीकरण अमलात आले. कारखान्यापासून कितीही दूर असलेल्या ग्राहकाला पोलाद जवळपास एकाच दराने मिळू लागले. हेतू समतेचा होता. परिणाम मात्र विषम झाला. खनिजाच्या प्रदेशाला निसर्गाने दिलेला एकमेव लाभ म्हणजे जवळीक. तीच सरकारी हिशेबात पुसली गेली. बंदर, बाजारपेठ आणि कुशल कामगार हे मुंबई-मद्राससारख्या शहरांचे लाभ तसेच राहिले. पश्चिम भारतातील कापसाला असे समानीकरण लागू नव्हते, ही तक्रार पूर्वेकडील राज्ये दीर्घकाळ करीत राहिली.

राज्यसंस्था या काळात निष्क्रिय नव्हती. १९५९ मध्ये भिलाई, राउरकेला आणि दुर्गापूर येथील झोतभट्ट्या पेटल्या. नव्या वसाहती वसल्या, शाळा व इस्पितळे आली. परंतु तेथे तयार झालेल्या पोलादापासून यंत्रे आणि वाहने बनविण्याचे पुष्कळसे काम दूरच्या शहरांत होत राहिले. ज्यांच्या जमिनी खाणींखाली आणि कारखान्यांखाली गेल्या, त्यांच्या मुलांना रोजगारासाठी गाव सोडावे लागले.

१९९०च्या दशकाच्या प्रारंभी उदारीकरणाच्या ओघात हे समानीकरण संपुष्टात आले. तथापि चाळीस वर्षांत रुजलेले उद्योग माघारी वळले नाहीत. त्याच दशकात ह्युंदाईसारखा मोटारींचा नवा कारखाना उभा राहिला तो मद्रासच्या परिसरात, बंदराच्या आणि सुट्या भागांच्या जुन्या व्यवसायाच्या आश्रयाने. २००० साली झारखंड हे स्वतंत्र राज्य झाले, तेव्हा त्याच्या वाट्याला खनिजाबरोबर हा इतिहासही आला.

मग धोरणाला काय साधता येते? महाराष्ट्राचा अनुभव येथे बोलका आहे. १९६२ मध्ये औद्योगिक विकास महामंडळ स्थापन झाले आणि १९६४ पासून मुंबई-ठाणे-पुणे पट्ट्याबाहेर जाणाऱ्या उद्योगांना सवलती मिळू लागल्या. तरीही तो पट्टाच वाढत राहिला. केवळ सवलतींनी कारखाना येतो; त्याच्याभोवतीचा परिवार येतोच असे नाही. तंत्रशिक्षण, भरवशाची वीज, पतपुरवठा आणि लहान पुरवठादार यांची जोड एकाच ठिकाणी, दीर्घकाळ मिळाली, तरच नवे केंद्र तग धरते. त्यासाठी प्रत्येक प्रदेशाचा अंगभूत लाभ आधी ओळखावा लागतो. समतेच्या नावाने तोच लाभ काढून घेतल्यास काय घडते, हे छोटा नागपूरच्या पठाराने चाळीस वर्षे अनुभवले आहे.